व्हिक्टोरियाकालीन शिकारी बंदुका आणि त्यांची विक्रीनीती : दख्खनच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

बियाणे व पोलाद यांच्या व्यापारासाठी आज ओळखले जाणारे जालना शहर एकोणिसाव्या शतकात लष्करी छावणीचे ठाणे होते. १८५३ च्या तहानंतर पुनर्रचना झालेल्या हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी जालना, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई), एलिचपूर व बोलारम येथे असत. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन करण्यात आली. या फौजेचा इतिहास आर. जी. बर्टन या अधिकाऱ्याने १९०५ मध्ये लिहिला, आणि त्याच बर्टनने पुढे १९२८ मध्ये दख्खनमधील शिकार व वन्यजीवन यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पलटणीचा इतिहास आणि वाघाच्या शिकारीचा वृत्तांत एकाच लेखणीतून उतरावा यात नवल नाही. छावणीतील अधिकाऱ्याच्या दृष्टीने उन्हाळ्याची रजा म्हणजे शिकारीचा हंगाम होता.

मराठवाडा, खानदेश व विदर्भ येथील तत्कालीन वने, वन्यप्राणी आणि वनालगतची गावे यांचा अभ्यास करताना आपण अशा शिकारग्रंथांचा साधन म्हणून वारंवार उपयोग करतो. लेखकाचा वसाहतवादी दृष्टिकोन लक्षात घेऊन तो करावा, हे आता सर्वमान्य आहे. परंतु या ग्रंथांमागे आणखी एक हितसंबंध उभा होता, तो म्हणजे लंडन व बर्मिंगहॅम येथील बंदूक व्यवसायाचा. त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. शिकारीच्या वर्णनात बंदुकीच्या कारखानदाराचे नाव, नळीचे माप व दारूचे वजन इतक्या तपशिलाने का येते, हा प्रश्न साधनचिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याची उकल करण्याचा प्रयत्न केला आहे.

ठासणीपासून काडतुसापर्यंत

१८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटणीची उभारणी सुरू करणारा जेम्स औट्रम आणि त्याच्या पिढीचे शिकारी यांच्या हाती ठासणीच्या बंदुका होत्या. दारू, गोळी व पट्टी नळीच्या तोंडातून गजाने ठासावी लागे. दोन नळ्यांचे दोन बार झाले की शिकारी काही काळ निःशस्त्रच होई. त्यामुळे सोबत भरलेल्या जादा बंदुका आणि त्या हाती देणारा भरवशाचा माणूस असणे आवश्यक होते. औट्रमने शिकारीच्या संगतीतून भिल्लांचा विश्वास संपादन केला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. भिल्लांना माग काढता येत नसता तर त्याच्या बंदुकीचा काय उपयोग झाला असता, हेही त्याबरोबर विचारावयास हवे.

१८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात लेफोशो या फ्रेंच कारागिराची मागून भरण्याची बंदूक मांडली गेली आणि पुढील दोन दशकांत या व्यवसायाचे रूप पालटले. जोसेफ लँग याने तिच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये बंदुका केल्या. १८६१ मध्ये डॉ याने मध्यभागी टोपी असलेले काडतूस बाजारात आणले. १८७५ मध्ये वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातील अॅन्सन व डीली यांनी बाहेरचा घोडा नसलेली रचना पेटंट केली. दर पाच-सात वर्षांनी जुनी बंदूक कालबाह्य ठरू लागली. चांगली बंदूक तीन पिढ्या टिकते. टिकाऊ वस्तू विकणाऱ्याला ग्राहक पुन्हा दुकानात आणायचा तर नवेपणा विकावा लागतो, आणि या व्यवसायाने नेमके तेच केले.

येथे मापाची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बसते ती बारा बोअरची नळी होय. तिचा व्यास सुमारे ०.७२९ इंच भरतो. म्हणून आठ बोअरची नळी बारा बोअरहून मोठी असते. रायफलींना पुढे इंचाच्या दशांशात मापे देण्यात आली, उदाहरणार्थ .४५०, .५००, .५७७. अंक लहान म्हणजे नळी मोठी, की अंक मोठा म्हणजे नळी मोठी, याचा गोंधळ नवख्या ग्राहकाला दुकानदाराच्या सल्ल्यावर अवलंबून ठेवण्यास पुरेसा होता.

नावाची किंमत

विक्रीकलेच्या दृष्टीने या काळातील सर्वांत यशस्वी शब्द ‘एक्सप्रेस’ हा होय. १८५६ मध्ये जेम्स पर्डी याने आपल्या वेगवान रायफलीला एक्सप्रेस ट्रेनचे नाव दिले. रेल्वे हे त्या पिढीचे गतीचे प्रतीक होते. मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्येच सुरू झाला असल्याने हिंदुस्थानातील ग्राहकालाही या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. ‘ट्रेन’ हा शब्द लवकरच गळाला आणि ‘एक्सप्रेस’ हे एका कारखान्याचे नाव न राहता रायफलींच्या संपूर्ण वर्गाचे नाव झाले.

एक्सप्रेस रायफलीचे तत्त्व सरळ होते. गोळी हलकी, दारू भरपूर. गोळीचा वेग वाढला की तिचा मार्ग कमी वाकतो. त्यामुळे सुमारे दीडशे यार्डांपर्यंत अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही. गोळी हलकी करण्यासाठी तिच्या टोकाला पोकळी ठेवून त्यात तांब्याची नळी बसवीत. अशी गोळी काळविटाच्या वा हरणाच्या अंगात शिरताच फुटते व जनावर जागीच पडते. दख्खनच्या उघड्या माळावर काळविटाच्या मागे जाणाऱ्याला याहून सोयीचे हत्यार मिळाले नसते.

अडचण वाघाच्या बाबतीत होती. पोकळ गोळी वाघाच्या खांद्याच्या जाड स्नायूंवर किंवा हाडावर आदळली तर आत न शिरता वरच फुटण्याचा संभव असे. सर सॅम्युएल बेकर याने १८९० च्या आपल्या ग्रंथात या गोळीवर कठोर टीका केली. मऊ शुद्ध शिशाची भरीव गोळी अंगात शिरून चपटी होते, तेथेच राहते व आपली सर्व शक्ती तेथेच खर्च करते, असे त्याचे प्रतिपादन होते आणि ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने योग्यच होते. तथापि सूचीपत्रात वेगाचे आकडे छापता येतात. गोळी किती खोल जाईल हे जनावरावर, कोनावर व अंतरावर अवलंबून असल्याने ते तसे छापता येत नाही. ग्राहकाने आकडा विकत घेतला.

आकड्याची ही चूक कोणाला भोवत होती, हे पाहिले पाहिजे. मचाणावरील किंवा हत्तीवरील साहेब तुलनेने सुरक्षित असे. जखमी वाघ झाडीत शिरला की पायी पुढे जावे लागे ते स्थानिक शिकाऱ्याला व हाकाऱ्यांना. हाक्यासाठी आसपासच्या गावांतून माणसे गोळा केली जात. त्यांच्या हाती काठ्या व ढोल असत. शिकारग्रंथांत रायफल कोणत्या कारखान्याची हे नेमाने नोंदलेले असते. जायबंदी झालेल्या हाकाऱ्याचे नाव क्वचितच आढळते.

वृत्तपत्र, ग्रंथ आणि प्रशस्तिपत्र

या व्यवसायात ग्राहकाचा विश्वास मिळविण्याची तीन प्रमुख साधने होती. राजघराण्याची सनद, प्रदर्शनातील पदके आणि जाहीर चाचण्या. पहिल्या दोहोंविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात शिकारीसाठी हिंडला, त्यानंतर त्याच्या नावाच्या सनदेला येथील ग्राहकांच्या दृष्टीने अधिकच वजन आले असेल एवढे म्हणणे पुरे.

चाचण्यांचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. लंडनचे ‘द फील्ड’ हे साप्ताहिक आणि त्याचे संपादक जे. एच. वॉल्श यांनी बंदुकांच्या जाहीर चाचण्या घडवून आणल्या. १८७५ च्या चाचणीत डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याच्या तोंडाशी किंचित आकुंचित असलेल्या नळ्या सरस ठरल्या. चाळीस यार्डांवरील तीस इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडले हे मोजून निकाल लावला जाई. १८८३ च्या रायफलींच्या चाचणीत हॉलंड अँड हॉलंड या पेढीने सर्व वर्गांत विजय मिळविला आणि पुढे तो विजय आपल्या जाहिरातीत दीर्घकाळ मिरविला. वैज्ञानिक पद्धतीचा बाजारावर झालेला हा चांगला परिणाम होय, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र या चाचण्यांत मोजली गेली ती कागदी लक्ष्यावरील अचूकता. जंगलातील उपयुक्तता त्यावरून सिद्ध झाली असे ग्राहकाने स्वतःच मानून घेतले.

ग्रीनरचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. त्याचा बंदुकीच्या विकासावरील ग्रंथ १८८१ मध्ये निघाला व १९१० पर्यंत त्याच्या नऊ आवृत्त्या झाल्या. अभ्यासक आजही तो संदर्भासाठी उघडतात. बंदुकीचा आरंभापासूनचा इतिहास सांगणारा हा ग्रंथ वाचकाला हळूहळू ग्रीनरच्याच कारखान्यापाशी आणून सोडतो. इतिहासलेखन आणि सूचीपत्र यांतील सीमारेषा किती पुसट असू शकते, याचा असा नमुना दुसरा सापडणे कठीण.

याच्या उलट दिशेने जाणारे उदाहरण जेम्स फोर्सिथचे. १८६१ मध्ये नागपूर, चांदा, भंडारा व वर्धा या भागांसह स्थापन झालेल्या मध्य प्रांतात तो अधिकारी होता. शिकारी रायफलीवरील त्याचे पुस्तक १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. नळीतील आट्यांचा पीळ अगदी मंद ठेवला तर वाटोळी गोळी भरपूर दारूनिशी मारता येते व ती आटे सोडून घसरत नाही, हा त्याचा सिद्धान्त कारखानदारांनी उचलला आणि त्याच्या नावाने रायफली तयार होऊ लागल्या. अनुभव मध्य प्रांतातील जंगलाचा, नाव अधिकाऱ्याचे, नफा लंडनचा, अशी ही वाटणी होती.

हिंदुस्थानातील ग्राहक

येथील बाजाराची रचना कायद्याने ठरविली होती. १८७८ च्या शस्त्रकायद्यान्वये सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नव्हते; युरोपीय व्यक्तींना मात्र सूट होती. साहजिकच कारखानदारांच्या डोळ्यांसमोर दोनच प्रकारचे गिऱ्हाईक होते, एक युरोपीय अधिकारी व दुसरे संस्थानिक. पिकात डुकरे शिरत होती त्या शेतकऱ्याला या बाजारात स्थान नव्हते.

संस्थानिकांसाठी कोरीवकाम केलेल्या, जोडीने बनविलेल्या महागड्या बंदुका होत. आपला भाग ज्यांच्या राज्यात होता ते सहावे निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) वाघाच्या शिकारीसाठी विख्यात होते. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांची शिकारीची आवड, विशेषतः पाळीव चित्त्यांकरवी केलेली हरणांची शिकार, सुप्रसिद्ध आहे. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात शिकारीची स्मृतिचिन्हे व शस्त्रे आजही पाहावयास मिळतात.

कनिष्ठ अधिकाऱ्याची अडचण निराळी होती. छर्ऱ्याची बंदूक, हरणासाठी एक्सप्रेस आणि वाघासाठी मोठी रायफल असा सरंजाम त्याला परवडत नसे. या ग्राहकासाठी १८८६ च्या सुमारास हॉलंडने ‘पॅरॅडॉक्स’ आणली. तिचे पेटंट व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी व बंगाल सैन्यातील अधिकारी जॉर्ज फॉस्बेरी याचे होते. नळी आतून गुळगुळीत, फक्त तोंडाजवळच्या थोड्या भागात आटे. सकाळी तितरांवर छर्रे, दुपारी हाक्यात भरीव गोळी, आणि सुमारे शंभर यार्डांपर्यंत दोन्हींत भरवसा. नाव कोड्यात टाकणारे, पण वस्तू नावाला जागणारी. सूचीपत्रातील शब्द व जंगलातील अनुभव यांचा मेळ बसल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

विक्रीची केंद्रे प्रामुख्याने कलकत्ता व मुंबई ही होती. कलकत्त्यात मँटन व रॉडा या पेढ्या होत्या. यांपैकी रॉडाचा माल १९१४ मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी पळविला, ती ५० माउझर पिस्तुलांची घटना सर्वश्रुत आहे. मुंबईत १८९१ मध्ये आर्मी अँड नेव्ही सहकारी संस्थेने आपली शाखा उघडली. काळा घोडा भागातील तिची इमारत आजही उभी आहे. साबणापासून तंबूपर्यंत सर्व काही जाडजूड सूचीपत्रातून मागविण्याची सोय असल्याने जालना-हिंगोलीसारख्या छावणीत बसूनही लंडनच्या दुकानाशी व्यवहार करता येई.

नळीवरील नाव आणि नळीखालील शिक्का

जुन्या वाड्यांत व संग्रहालयांत आढळणाऱ्या बंदुकांची नोंद करणाऱ्यांसाठी येथे एक सूचना करणे इष्ट वाटते. दोन नळ्यांमधील पट्टीवर कोरलेले नाव व ‘लंडन’ ही अक्षरे म्हणजे विक्रेत्याची जाहिरात होय. अनेक विक्रेते बर्मिंगहॅममध्ये बनविलेल्या बंदुकांवर आपले नाव कोरून घेत, आणि त्यांत कलकत्त्याच्या पेढ्याही होत्या. नळ्या दस्त्यापासून सोडवून उलट्या केल्या की खालच्या सपाट भागावर चाचणीगृहाचा शिक्का दिसतो. लंडनच्या कारागीर संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली होती, तर बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. दोहोंचे शिक्के वेगळे आहेत. वरच्या नावाइतकीच खालच्या शिक्क्याची नोंद घेतली नाही, तर संग्रहालयाच्या नोंदवहीत दीडशे वर्षांपूर्वीची जाहिरातच इतिहास म्हणून उतरते.

शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली. १८९८ च्या सुमारास जॉन रिग्बीने .४५० मापाची ‘नायट्रो एक्सप्रेस’ रायफल बाजारात आणली. जुने रेल्वेचे नाव नव्या दारूला पुन्हा जोडण्यात आले. ही रायफल हिंदुस्थानात लोकप्रिय होत असतानाच सरकारने या मापाच्या आयातीवर बंदी घातली. सैन्यातील जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचे मापही .४५० होते आणि त्यांना लागणारी काडतुसे वायव्य सरहद्दीवर व अन्यत्र नको त्या हाती पडतील, अशी भीती होती. कारखानदारांनी तक्रारीत फारसा वेळ न दवडता .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढली, नवी सूचीपत्रे छापली आणि प्रत्येक माप पूर्वीच्याहून सरस असल्याचे प्रतिपादन केले. केवळ हिंदुस्थानातील एका सरकारी आदेशामुळे जन्मलेल्या या मापांपैकी .४७० आजही आफ्रिकेतील मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी बनविले जाते.