किसणीचे चीज

अलीकडे विवाहप्रसंगी भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या स्वयंपाकघराच्या संचांत चार बाजूंची उभी किसणी हमखास असते. तिच्या खोक्यावर पिवळ्याधमक चीजचे चित्र छापलेले असते आणि घरात आल्यावर तिच्या वाट्याला कामही बहुधा तेवढेच येते. मुलांच्या सँडविचवर चीज किसून झाले की ती धुऊन फडताळात जाते. चारपैकी तीन बाजू वर्षानुवर्षे कोऱ्याच राहतात. घेतलेल्या वस्तूचा पै-पैचा उपयोग करणे हा ज्या घरांचा पिढ्यान्पिढ्यांचा स्वभाव, तेथे असे व्हावे याचे नवल वाटते.

चीजशी किसणीचे नाते जुने आहे, हे मान्य केले पाहिजे. ग्रीसमधील लेफकांडी येथे इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील थडग्यांत कांस्याच्या किसण्या सापडल्या आहेत आणि होमरच्या ‘इलियड’मध्येही कांस्याच्या किसणीने शेळीच्या दुधाचे चीज किसल्याचा उल्लेख येतो. (चीज विकत घेताना वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहावा, हे जाता जाता. परदेशी चीज गोठवताना अनेकदा वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात.) आपल्याकडे मात्र किसणी आली ती सुक्या खोबऱ्यासाठी. ओला नारळ विळीच्या खवणीवर खोवायचा आणि सुकी वाटी किसणीवर किसायची, अशी कामाची वाटणी ठरलेली होती. पुढे गाजर-बटाट्याने किसणी व्यापून टाकली. मग कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरात तिला काम ते काय उरणार, असा प्रश्न सहज मनात येतो. प्रत्यक्षात अशा घरातच तिला अधिक काम आहे.

कच्च्या केळ्याचेच घ्या. बटाट्याऐवजी केळे वापरून केलेला वडा किंवा पॅटीस मुलांना आवडत नाही, त्याचे कारण पुष्कळदा चव नसून गुठळ्या हे असते. उकडलेले केळे हाताने कितीही कुस्करले तरी मध्ये घट्ट तुकडे राहतात आणि तेच दाताखाली येतात. यावर उपाय सोपा आहे. केळी देठासकट, सालासकट वाफवावीत, पूर्ण थंड होऊ द्यावीत, मग सोलून मोठ्या छिद्रांच्या बाजूवर किसावीत. हलका, मोकळा कीस पडतो. त्यात मीठ, मिरची, कोथिंबीर, लिंबू सारखे मिसळते आणि सारण आवरणात नीट बसते. पावभाजीतही हाच कीस घातला तर भाजी एकजीव होते. न उकडलेले केळे किसायचे असेल तर आधी हाताला आणि किसणीला तेलाचे बोट फिरवावे, म्हणजे चीक चिकटत नाही. कीस हवेत काळा पडतो, म्हणून तो ताक घातलेल्या पाण्यात पडू द्यावा. तुपाची फोडणी, जिरे, हिरवी मिरची आणि दाण्याचे कूट घालून हा कीस झाकण ठेवून वाफवला की बटाट्याच्या किसाची आठवण होत नाही, इतका तो खमंग लागतो.

दुधीबाबत थोडे थांबून बोलले पाहिजे. दुधी किसायला घेण्यापूर्वी त्याचा एक छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा आणि कडू लागला तर पूर्ण दुधी टाकून द्यावा. साखर, गूळ किंवा मसाला घालून कडवटपणा झाकण्याचा मोह धरू नये. कडूपणा ज्या द्रव्यामुळे येतो ते विषारी असते आणि शिजवूनही ते जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासगटाने कडू दुधीचा रस पिऊन झालेल्या विषबाधांचा व मृत्यूंचा अभ्यास केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात कडू रस मुळीच पिऊ नये, असे बजावले आहे. किसलेला दुधी हलव्यात किंवा मुठियांत मिसळून गेला की कोणता दुधी कडू होता हे कळत नाही, म्हणून चव पाहायची ती किसण्याआधीच. तसेच दुधी, काकडी, कैरी किसण्यापूर्वी उभी चिरून उजेडात पाहून घ्यावी. आत अळी असेल तर चिरताना ती दिसते, किसणीवर दिसत नाही. ज्या घरात जीवरक्षेचा विचार स्वयंपाकाच्या आधी येतो, तेथे हा एक मिनिट खर्च करायलाच हवा.

दुधी शेवटी किसावा, कारण कीस लवकर काळवंडतो. आणि त्याचे पाणी पिळून टाकू नये. थेपल्याचे पीठ त्याच पाण्यात मळावे आणि कोफ्त्यासाठी कीस पिळावाच लागला, तर ते पाणी रश्शात घालावे.

कांदा-लसूण नसलेल्या रश्शाला दाटपणा कोठून आणायचा, ही आपल्या घरांतील नित्याची अडचण आहे. टोमॅटो उकळून, सोलून, मिक्सरमध्ये फिरवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा तो मधोमध आडवा कापावा आणि कापलेली बाजू किसणीवर घासावी. गर खाली पडतो आणि साल हातात राहते. मिक्सरमध्ये हवा मिसळून टोमॅटोचा रंग फिका गुलाबी होतो, तसे येथे होत नाही. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात पावावर लावायला टोमॅटो याच रीतीने किसतात. या गरात भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस आणि थोडा मगज वाटून घातला की रस्सा कांद्यावाचूनही अंगाला येतो.

व्यापारी घरांना आवडेल अशी एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. १९९४ साली कॅनडातील ओटावा शहरात लॉरेन ली नावाच्या गृहिणी आर्मेनियन पद्धतीचा संत्र्याचा केक करत होत्या. संत्र्याची साल जुन्या किसणीवर नीट निघेना. त्यांच्या घरचे दुकान होते सुतारकामाच्या हत्यारांचे. दुकानातून आलेली लाकूड घासायची नवी कानस त्यांनी उचलली आणि संत्र्यावर फिरवली, तर सालीचा जाळीसारखा नाजूक कीस पडला. ली कुटुंबाने आपल्या मालाच्या सूचिपत्रात त्या कानशीचे वर्णन बदलून टाकले. ती बनवणारी अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील ग्रेस मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी आपल्या हत्याराचा स्वयंपाकघरातील उपयोग पाहून आधी खट्टूच झाली होती. आज ‘मायक्रोप्लेन’ या नावाने तीच वस्तू जगभरच्या स्वयंपाकघरांत आहे. तिचे दाते ठोकून पाडलेले नसून रसायनाने कोरलेले असतात, म्हणून ती साल फाडत नाही, कापते. गल्ल्यावर बसलेल्याने घरातल्यांचे ऐकले, तर कधी कधी असेही होते!

ही महागडी पट्टी घ्यायलाच हवी असे नाही. चौकोनी किसणीची बारीक छिद्रांची बाजू लिंबाच्या सालीला पुरते. फळ कोमट पाण्याने धुऊन पुसावे आणि फक्त पिवळा थर किसावा, पांढरा भाग कडू असतो. श्रीखंडात, नानकटाईत, वरणाच्या फोडणीत या चिमूटभर किसाने जी तरतरी येते ती लिंबाच्या रसाने येत नाही. ओले आले न चालणाऱ्या घरात अख्ख्या सुंठेचा तुकडा याच बाजूवर चहापुरता घासावा. जायफळाचेही तसेच. त्याचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलात असतो, तेव्हा डबीत भरून ठेवलेली पूड काही दिवसांनी नावापुरतीच उरते.

आता हंगामाची कामे. छुंद्यासाठी राजापुरी कैरी किसताना बहुतेक जण हात पुढे-मागे करतात आणि कीस तुटून त्याचा भुगा होतो. कैरी उभी धरून, एकाच दिशेने, वरपासून खालपर्यंत पूर्ण लांबीने ओढावी. पाकात शिजल्यावरही धागा न् धागा वेगळा दिसतो. उन्हात ठेवण्याच्या छुंद्याला तर हे विशेष आवश्यक आहे, कारण लांब कीस साखरेचा पाक दिवसागणिक शोषून घेतो आणि भुग्याचा मात्र लगदा होतो. हिवाळ्यात आवळा येतो. आवळ्याचा कीस, सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड एवढेच घालून तो कडकडीत वाळवला की साखरेशिवाय उत्तम मुखवास होतो. विदर्भात कोहळा किसून डाळीच्या वाटणात घालतात आणि सांडगे वाळवतात. कच्च्या पपईचा संभारो तर गुजराती पानात गाठियाशेजारी असतोच.

गुळाची ढेप बत्त्याने फोडली की अर्धा गूळ ओट्यावर उडतो. किसलेला गूळ मापात नेमका बसतो आणि लवकर विरघळतो. फ्रीजमधला घट्ट खवा किसून घेतला तर गुलाबजामात गुठळी राहत नाही. खारीसाठी थिजवलेले तूप मैद्यावर किसावे, हाताच्या उष्णतेने ते वितळत नाही आणि पापुद्रे सुटतात. बदाम-पिस्त्याचे काप काढायला वेळ नसेल, तर बासुंदीवर त्यांचा कीस पुरे.

स्वयंपाकघराबाहेर एक काम जरूर करावे. अंगाच्या साबणाच्या उरलेल्या चिपट्या साठवून जुन्या किसणीवर किसाव्यात आणि कढत पाण्यात विरघळवाव्यात. हात धुण्यापुरता पातळ साबण तयार होतो. मात्र ती किसणी कायमची वेगळी ठेवावी. तिच्या कडीला रंगीत दोरा बांधावा, म्हणजे घाईत चूक होणार नाही.

किसणी वापरल्यावर लगेच, वाळण्याआधी धुवावी. छिद्रांत अडकलेले कण घासणीने निघत नाहीत, उलट घासणीच फाटते. त्यासाठी भांडी घासायचा छोटा ब्रश आतल्या बाजूने, दात्यांच्या दिशेने फिरवावा. गुळानंतर गरम पाणी, टोमॅटोनंतर साधे, तूप-खव्यानंतर चिमूटभर बेसन. कण राहिले तर रात्रीत मुंग्या येतात आणि सकाळी पाण्याखाली धरताना त्यांना वाचवणे अवघड जाते. म्हणून धुतल्यावर किसणी पुसून, उजेडासमोर धरून एकदा पाहावी आणि मगच जागेवर ठेवावी.