उजिरेची शाळा, उतनूरचा लाडू

सीमाभागातल्या घरात हिशेब एका भाषेत होतो, बँकेचा कागद दुसऱ्या भाषेत येतो आणि बाजारात घासाघीस कधी कधी तिसऱ्याच भाषेत करावी लागते. निपाणी, भालकी, अक्कलकोटकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. तेलंगणाच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठाने पसरलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातही हेच चित्र आहे. फक्त तिथे कन्नडच्या जागी तेलुगू आहे, आणि जोडीला गोंडी व कोलामी. बेला, जैनद, तामसी या बाजूला तर मराठी घराघरात ऐकू येते.

आपलं आणि आदिलाबादचं नातं तसं जुनं. १९५६ पर्यंत बीदर आणि आदिलाबाद हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षी राज्यं भाषेनुसार नव्याने आखली गेली. बीदरमधून उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी बाजूला आले, आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा. मागे राहिलेली मराठी घरं इकडे कन्नड शिकली, तिकडे तेलुगू शिकली. पुढे २०१४ साली तेलंगणा झाला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद.

हे सगळं सांगायचं कारण असं, की गरीब घरातल्या तरुणांना काहीतरी शिकवून कमावतं करण्याचे प्रयत्न या मुलखात ऐंशी वर्षांहून जास्त काळ चालू आहेत. काही टिकले, काही विरले. सरकारी, धर्मादाय, सहकारी असे सगळे प्रकार इथे होऊन गेले. ते पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. शिकवणं हा यातला सोपा भाग आहे. शिकणाऱ्याच्या भाषेत शिकवणं आणि शिकल्यावर पहिलं गिऱ्हाईक मिळवून देणं, हे अवघड.

मार्लावाईची शिकवणी

१९४० साली जोडेघाटला कुमरम भीम मारला गेला. गोंडांच्या असंतोषाचं मूळ शोधण्यासाठी निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला आदिलाबादेत काम दिलं. हा माणूस जन्माने ऑस्ट्रियन. तो आणि त्याची बायको बेटी मार्लावाई या गोंड खेड्यात राहिले. तिथे १९४३ साली गोंड तरुणांना शिक्षक बनवण्याचं केंद्र सुरू झालं. वाचनपाठ गोंडीत तयार केले आणि ते देवनागरीत छापले, कारण त्या डोंगरांत बाहेरच्यांशी बोलायची भाषा बहुतेक ठिकाणी मराठी होती. जेमतेम अक्षरओळख असलेली पोरं तिथून मास्तर होऊन बाहेर पडली. पुढे काही जण महसुलाच्या नोकरीतही गेले.

या कामात नंतर एक मराठी अधिकारीही होता : सेतुमाधवराव पगडी. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांचा जन्म निलंग्याचा, म्हणजे तेव्हाच्या बीदर जिल्ह्यातला. आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी १९४९ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि गोंडी भाषेचाही अभ्यास केला. सीमाभागातला माणूस दोन भाषांत वाढतो, त्यामुळे तिसरी शिकायला तो कचरत नाही, असं माझं आपलं मत आहे.

मार्लावाईच्या शिकवणीत दोन गोष्टी जमल्या होत्या. शिकवणारा मुलांच्या भाषेत बोलत होता, आणि शिकून बाहेर पडणाऱ्यासाठी गावोगावच्या नव्या शाळेत जागा तयार होती. राज्यं बदलल्यावर शाळेत तेलुगू आली आणि गोंडी वाचनपाठ मागे पडले. पण केंद्र चाललं तेवढ्या काळात त्याने काय केलं, हे गोंड अजून विसरलेले नाहीत. हायमेनडॉर्फ दांपत्याचं स्मारक मार्लावाईत आहे आणि दर जानेवारीत तिथे लोक जमतात.

दक्षिण कन्नडमधून आलेली पद्धत

आज आदिलाबादमधल्या बेकार तरुणाला स्वतःचा धंदा काढायचा असेल, तर त्याच्या वाट्याला येणारी शिकवणी कर्नाटकात जन्मली आहे, हे आपल्यातल्याही पुष्कळांना माहीत नसतं. धर्मस्थळचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांनी १९८२ साली बेळतंगडी तालुक्यातल्या उजिरे गावी ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगार शिकवणारी संस्था काढली. सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक त्यात भागीदार होत्या. (सिंडिकेट बँक आता राहिली नाही, २०२० साली ती कॅनरातच विलीन झाली.) ही संस्था म्हणजे ‘रुडसेटी’. नोकरीसाठी दारोदार फिरणाऱ्या तरुणांना नोकरी न देता धंदा शिकवायचा आणि बँकेनेच शिकवायचा, ही कल्पना त्या काळी नवी होती.

केंद्र सरकारने २००९ च्या सुमारास हाच साचा उचलला आणि दर जिल्ह्यात अग्रणी बँकेने अशी एक संस्था चालवावी असं ठरवलं. तिलाच आपण ‘आरसेटी’ म्हणतो. आदिलाबादमध्ये ती स्टेट बँक चालवते. शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, मोटर रिवाइंडिंग, ब्युटी पार्लर, दुग्धव्यवसाय असे अभ्यासक्रम असतात. काही दहा दिवसांचे, काही महिना-दीड महिन्याचे. फी नाही. राहणं-जेवणही फुकट. दारिद्र्यरेषेखालच्या घरांना प्राधान्य.

तिथल्या वर्गातली एक रीत मला फार आवडते. सकाळचा पहिला तास शिक्षकाचा नसतो. काल काय शिकलो, त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, हे शिकणाऱ्यांपैकी एकाने उभं राहून सांगायचं. ज्या बाईने चारचौघांत कधी तोंड उघडलेलं नाही, तिला महिनाभरात गिऱ्हाइकाशी बोलता येऊ लागतं ते अशा तासांमुळे. दुसरी रीत खेळांची. खुंटीवर दुरून रिंग टाकायची. किती अंतरावरून टाकणार ते आधी ज्याचं त्याने ठरवायचं. कोणी अगदी जवळ उभा राहतो, कोणी बढाई मारून फार लांब जातो. धंद्यात जोखीम किती घ्यावी, याचा धडा त्यातून मिळतो. हा खेळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या कामातून आला. त्यांनी १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाडाच्या छोट्या व्यावसायिकांना अशाच पद्धतीने शिकवून पाहिलं होतं. शिकलेल्यांनी नंतर धंदा वाढवण्यासाठी जास्त धडपड केली, असं त्यांना आढळलं.

पण उजिरेच्या पद्धतीचा खरा प्राण वर्गाबाहेर आहे. वर्ग संपल्यावर दोन वर्षं संस्थेने माणसाचा पाठपुरावा करायचा असतो. कर्ज मंजूर झालं का? मशीन आलं का? आलं तर ते चालतं की त्यावर कपडे वाळत पडलेत? महिन्याभराची शिकवणी आणि दोन वर्षांची राखण, असं हे गणित आहे. गाडी अडते ती इथेच. प्रमाणपत्रांची संख्या मोजायला सोपी, दोन वर्षं घरोघर फिरणं कष्टाचं. आदिलाबादसारख्या विरळ वस्तीच्या, डोंगरी जिल्ह्यात तर जास्तच.

महिनाभर घर सोडून राहायचं कसं, हाही प्रश्न आहे. तान्हं मूल असलेली बाई फुकट जेवणाखातर जात नाही. सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. पुढे त्यांच्या संस्थेने बायकांसाठी उद्योगाची शाळा काढली आणि ती शाळा चक्क बसमध्ये घालून गावोगाव नेली. पुढे हुबळीपर्यंत तिचं काम पोचलं. बाई शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने तिच्या गावी जावं, हे जिथे कोणाला सुचलं तिथे फरक पडला.

लाडवाला गिऱ्हाईक होतं

आता उतनूरला येऊ. आदिवासी विकासाची सरकारी यंत्रणा, आयटीडीए, हिचं आदिलाबादचं मुख्यालय इथे आहे. इथल्या भीमबाई आदिवासी महिला सहकारी संघाच्या बायका मोहाच्या फुलांचे लाडू करतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं टपटपतात. बायका-मुलं उजाडण्याआधी टोपल्या घेऊन निघतात; ऊन चढलं की फूल कोमेजतं आणि गुरं, रानडुकरं खाऊन टाकतात. वाळवलेलं फूल वर्षभर राहतं. तेलुगूत त्याला ‘इप्प पुव्वु’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच्या माणसाला मोह म्हटलं की दारूच आठवली, पण घरात ते अन्न होतं. फूल निवडून, भाजून, शेंगदाणे, तीळ आणि गूळ घालून लाडू वळला की पोटभरीचा खाऊ होतो.

लाडू कसा वळायचा हे त्या बायकांना कोणी शिकवायची गरज नव्हती. शिकायचं होतं ते वजन एकसारखं ठेवणं, पाकिटं, स्वच्छतेचे नियम, खात्याचं पुस्तक. आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं होतं. आश्रमशाळांतल्या मुली आणि गर्भवती यांना रक्तवाढीसाठी हे लाडू देण्याचा उपक्रम आयटीडीएने हाती घेतला. किती किलो, कधी, कुठे पोचवायचे, हे आधी ठरलं की बाई निर्धास्तपणे फूल विकत घेऊन ठेवते. ३० मार्च २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी आदिलाबादच्या मोहाच्या पदार्थांचा उल्लेख केला, तेव्हा ही गोष्ट देशभर गेली. कौतुक चांगलंच, पण चूल पेटती राहते ती ऑर्डरीवर.

इथे एक काळजीही बोलून दाखवली पाहिजे. एकच मोठं गिऱ्हाईक, तेही सरकारी, म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत. बिल दोन महिने अडलं तर गूळ उधारीवर आणावा लागतो. उधारी म्हणा की उद्री, व्याज सारखंच. म्हणून शाळांच्या ऑर्डरीबरोबरच बसस्टँडवरची, जत्रेतली, शहरातल्या दुकानातली विक्री हळूहळू वाढवणं हा त्या संघाच्या जगण्याचा प्रश्न आहे.

निशाणी मिळाली, पितळ महाग

हेच सूत्र उलट्या बाजूने पाहायचं असेल तर डोकरा कारागीर पाहावेत. जैनूर मंडलातलं उशेगाव, आसिफाबादकडचं केस्लागुडा इथे ओझ कारागीर मेण वितळवून पितळेच्या मूर्ती, घंटा, मोर, नाचणाऱ्या बायका घडवतात. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून नक्षी काढायची, वरून माती लिंपायची, भाजायचं. मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं. साचा फोडल्याशिवाय वस्तू निघत नाही, त्यामुळे एकासारखी दुसरी होत नाही. २०१८ साली ‘आदिलाबाद डोकरा’ला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं.

मानांकनाने नकली माल रोखण्याचा हक्क मिळतो. पितळ स्वस्त होत नाही आणि गिऱ्हाईक आपोआप दारात येत नाही. शिबिरं घेऊन नव्या पोरांना ही कला शिकवता येते. पण बाप भट्टीपाशी दोन दिवस राबून जे मिळवतो तेवढंच पोराला शेजारच्या कापूसबाजारात हमालीला मिळणार असेल, तर पोरगा कुठे जाईल? निर्मलच्या लाकडी खेळण्यांचं तसं झालं नाही, याचं एक कारण १९५५ साली स्थापन झालेली कारागिरांची सहकारी सोसायटी. पुनिकी नावाचं हलकं लाकूड जंगलातून मिळवायचं, माल एकत्र विकायचा, ही कामं एकट्या कारागिराला झेपणारी नव्हती. आता लाकूडच दुर्मिळ होत चाललं आहे, तो प्रश्न वेगळा.

जाता जाता कापसाचंही सांगायला हवं. आदिलाबाद म्हणजे कापूस. २००४ पासून ‘चेतना ऑरगॅनिक’ ही संस्था इथल्या छोट्या शेतकऱ्यांबरोबर सेंद्रिय कापसाचं काम करत आली. तिनेही नुसती शेती शिकवली नाही. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था आणि पुढे उत्पादक कंपनी उभी केली, परदेशातल्या योग्य भावाने घेणाऱ्या खरेदीदारांशी सांधा जोडला.

आपल्या घरातला मुलगा किंवा सून अशा एखाद्या वर्गाला जाणार असेल, तर फी किती हे विचारण्यापेक्षा दुसऱ्या गोष्टी विचाराव्यात. शिकवणार कोणत्या भाषेत? कर्जाचा फॉर्म भरायला कोण बसणार आणि तो कन्नडमध्ये असेल तर समजावून कोण देणार? मागच्या तुकडीतल्या कोणाचं दुकान आज चालू आहे, ते जाऊन पाहता येईल का? बीदर, कलबुर्गी, बेळगाव, सोलापूर, सगळीकडे आरसेटी आहे. चौकशीला जाताना आधार कार्डाबरोबर बँकेचं पासबुकही न्यावं आणि त्याच खेपेला वर्गानंतर पाठपुरावा कोण करणार ते विचारून यावं. उतनूरच्या बायकांना तर जूनमध्ये शाळा उघडायच्या आत लाडवांचं फूल वाळवून, निवडून डब्यात भरलेलं लागतं, आणि ते वेचायची पहाट मार्चमध्येच येते.