'सॉलिसिटस' म्हणजे ऑर्डर मागणारा नव्हे

'सॉलिसिट' हा इंग्रजी शब्द आपल्या व्यापारी बांधवांच्या चांगल्या ओळखीचा आहे. 'वी सॉलिसिट युवर एस्टीम्ड ऑर्डर्स' हे वाक्य कापड बाजारातल्या पत्रांत वर्षानुवर्षे लिहिले गेले. विम्याच्या जाहिरातीखाली बारीक अक्षरांत 'सॉलिसिटेशन' वाचायला मिळते. अर्थ एकच, मागणी किंवा विनंती करणे. त्यामुळे 'सॉलिसिटस' हे विशेषणही त्याच घरातले समजून कोणी 'वी आर सॉलिसिटस ऑफ युवर ऑर्डर्स' असे लिहून परदेशी गिऱ्हाइकाला पाठवतो. वाचणारा विचारात पडतो, यांना आमच्या ऑर्डरची एवढी चिंता का लागली? आणि चिंतेत असलेल्या विक्रेत्याला कोणताही खरेदीदार चढा भाव देत नाही.

सॉलिसिटस म्हणजे आस्थेने दुसऱ्याची काळजी वाहणारा. उच्चार 'सलिसिटस' असा, जोर 'लि'वर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'पुरता हललेला', म्हणजे बेचैन. त्या बेचैनीतून एकीकडे दुसऱ्याला हलवणे, गळ घालणे, म्हणजे सॉलिसिट आले. दुसरीकडे दुसऱ्यासाठी जीव हलणे, म्हणजे सॉलिसिटस. दुसऱ्याचे काम चालवणारा तो सॉलिसिटर, हाही याच कुळातला. गंमत अशी की आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला काम 'सॉलिसिट' करायला मनाई आहे.

आम्हा उर्दू शाळेत शिकलेल्यांना हा शब्द परका वाटू नये. 'फिक्रमंद' या शब्दात चिंता आणि आस्था दोन्ही आहेत. मराठीतही काळजी करणे वेगळे आणि काळजी घेणे वेगळे, शब्द मात्र एकच. सॉलिसिटस माणूस बहुधा दोन्ही करतो.

वापरताना पुढे 'अबाउट', 'ऑफ' किंवा 'फॉर' येते, आणि त्यानंतर ज्याची काळजी आहे ती गोष्ट: प्रकृती, सोय, सुरक्षितता. 'ही वॉज सॉलिसिटस अबाउट हर हेल्थ', म्हणजे तिच्या प्रकृतीची तो आस्थेने विचारपूस करत होता. क्रियाविशेषण 'सॉलिसिटसली', नाम 'सॉलिसिट्यूड'.

पण या शब्दाला एक छटा आहे, ती डिक्शनरीतल्या एका ओळीत सापडत नाही. काळजी प्रमाणाबाहेर गेली तरी इंग्रज हाच शब्द वापरतो, पुढे 'ओव्हर' लावून किंवा न लावताही. गादीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला एकदा चहा विचारणे ही आस्था. तो थान उलगडून पोत बघतो आहे आणि आपण चौथ्यांदा 'थंड मागवू का?' विचारतो, तेही सॉलिसिटसच, पण आता ऐकणारा मनात हसतो. म्हणून हे विशेषण स्वतःला लावू नये. दुसऱ्याने आपल्याबद्दल लिहिले तर ठीक.

सर्वात नाजूक प्रसंग उधारीचा. पार्टी आजारी आहे आणि बिलाची मुदतही उलटली आहे. अशा वेळी प्रकृतीची चौकशी आणि तगादा एकाच पत्रात घातला की मिजाजपुर्सी खोटी ठरते आणि पैसेही लांबतात. 'आय होप यू आर बेटर नाऊ' एवढे साधे वाक्य वेगळ्या कागदावर, हाताने लिहून पाठवावे. बिलाचे स्मरणपत्र आठ दिवसांनी, नेहमीच्या छापील कागदावर.