लिचीचे प्रकार

लिचीचे प्रकार : लिची (लॅ. लिची चायनेन्सिस, कुल–सॅपिंडेसी) हा रिठ्याच्या कुलातील सदापर्णी फळवृक्ष मूळचा दक्षिण चीन व लगतच्या प्रदेशांतील आहे. फळाचा खाद्य भाग म्हणजे बियाभोवतीचे पांढरे, रसाळ अध्यावरण (गर) होय. जातीचे तीन उपप्रकार मानतात. त्यांपैकी चायनेन्सिस हाच व्यापारी लागवडीत आहे. फिलिपिनेन्सिसची फळे काटेरी असून त्यांचा गर पातळ असतो. जावेन्सिसची लागवड मलाया–जावा भागात अल्प प्रमाणात होते.

चीन : त्साय श्यांग यांनी १०५९ मध्ये लिचीवर लिहिलेल्या ग्रंथात फूज्येन प्रांतातील अनेक प्रकार नोंदविले आहेत. सान्यूएहोंग हा लवकर तयार होणारा, तर ह्वायची हा उशिरा येणारा प्रकार आहे. फैत्सिश्यावची साल फळ पक्व झाल्यावरही अंशतः हिरवी राहते. नोमित्सी व ग्वैवेई हे उत्तम प्रतीचे गणले जातात. त्यांच्या पुष्कळ फळांत गर्भाची वाढ खुंटून बी आक्रसते. अशा बीला ‘कोंबडीची जीभ’ म्हणतात. बी लहान असल्याने गराचे प्रमाण वाढते.

जनुकसंचावरील २०२२ मधील संशोधनानुसार युनानमधील लवकर येणारे व हायनानमधील उशिरा येणारे प्रकार रानटी झाडांपासून स्वतंत्रपणे लागवडीत आले असावेत.

भारत : बिहारमधील मुझफरपूर हे लिचीचे प्रसिद्ध केंद्र आहे. तेथील शाही लिचीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. शाहीची फळे सुगंधी असून मेमध्ये तयार होतात. मात्र उष्ण, कोरड्या वाऱ्याने ती तडकतात. नंतर येणारी चायना कमी तडकते, परंतु तिला एका वर्षाआड कमी बहर येण्याची प्रवृत्ती असते. बेदाना लहान बीसाठी, तर रोझ सेंटेड गुलाबासारख्या वासासाठी ओळखली जाते. बॉम्बाई हा नावावरून मुंबईचा वाटला, तरी पश्चिम बंगालमधील प्रकार आहे.

इतर देश : थायलंडच्या उत्तर भागात होंग हुए, तर समुत सोंगख्रामच्या सखल प्रदेशात कोम हे प्रकार लावतात. व्हिएतनामच्या उत्तर भागात थिएव, तर तैवानमध्ये दीर्घकाळ हेइये (काळे पान) हे प्रमुख राहिले. दक्षिण आफ्रिकेतील ‘मॉरिशस’ हा वस्तुतः चीनमधील दाझाव (ताय सो) होय. मॉरिशस बेटावरून नेल्यामुळे त्याला हे नाव पडले. फ्लॉरिडातील ‘ब्रूस्टर’ हे फूज्येनमधून रोपे पाठविणाऱ्या ब्रूस्टर या धर्मोपदेशकाच्या नावावरून प्रचारात आले; मूळ प्रकार चेन्त्सी होय. अशा रीतीने एकाच प्रकाराला देशोदेशी वेगळी नावे मिळाल्याने तुलना करताना गोंधळ होतो.

प्रकाराची निवड : बियांपासून वाढविलेली झाडे मातृवृक्षासारखी निपजत नाहीत व त्यांना फळे उशिरा येतात, म्हणून प्रकार शुद्ध राखण्यासाठी गुटी कलमे वापरतात. फुलोरा येण्यास हिवाळ्यात थंड, कोरडा काळ लागतो. तो न मिळाल्यास झाडावर केवळ पालवी फुटते. थंडीची ही गरज प्रकारपरत्वे कमीअधिक असते. त्यामुळे एका प्रदेशातील उत्तम प्रकार दुसरीकडे निष्फळ ठरू शकतो. झाड दीर्घायुषी असल्याने निवडीतील चूक अनेक वर्षे भोवते. म्हणून प्रकार निवडताना फळाच्या रुचीइतकाच स्थानिक हवामानाचा विचार आवश्यक ठरतो.