शेवभाजी : काउंटरवर १८०, मोबाइलवर २५५

हिंजवडीत मान रोडवरच्या एका छोट्या खानदेशी खानावळीत शेवभाजीचे दोन भाव आहेत. टेबलावरच्या लॅमिनेट केलेल्या कार्डावर १८० रुपये, मोबाइलवर २५५. कढई तीच, तिखट तेच, मापही तेच. भाकरी बसून खाल्ली तर ३०, मागवली तर ४५. हा फरक कोण खातं ते पाहायला मालकांच्या परवानगीने एका संध्याकाळी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसलो.

आठ वाजले की फोनचा टुंगटुंगाट थांबत नाही. ऑर्डर आली की छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी सरकते, पोरगा ती फाडून भटारखान्याच्या खिडकीत खोचतो. रस्सा डब्यात, झाकणाभोवती प्लास्टिकची पट्टी, भाकऱ्या फॉइलमध्ये, कांदा-लिंबू वेगळ्या पुडीत, आणि वर स्टेपलरचे दोन ठोके. दारात लाल-नारिंगी टीशर्टातले रायडर ऑर्डरचे शेवटचे चार आकडे मोठ्याने सांगत उभे असतात. टेबलांवर मात्र जेमतेम चार गिऱ्हाइकं. आयटी पार्कात दिवसभर काम करून पीजीत किंवा फेज थ्रीच्या विसाव्या मजल्यावर पोचलेला माणूस जेवायला पुन्हा त्या ट्रॅफिकमध्ये उतरत नाही. विप्रो सर्कलहून शिवाजी चौकाकडे संध्याकाळी एकदा जरी गेला असाल, तर त्याला नावं ठेवणार नाही.

२५५ कुठून आले, हे मालकांनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. “सर, माझ्या हातात १८० यायला पाहिजेत. बाकीचं सगळं उलटं मोजायचं.” ॲपचं कमिशन २५ टक्के धरू, प्रत्येकाचा करार वेगळा, पण हा आकडा या धंद्यात नवलाचा नाही. २५५ वर कमिशन झालं पावणेचौसष्ट रुपये. कमिशन ही सेवा, म्हणून त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेअकरा. गेले सव्वापंच्याहत्तर, उरले १८०. नवखे हॉटेलवाले इथेच गोत्यात येतात. ते १८० वर २५ टक्के चढवून २२५ लावतात आणि हातात येतात १५८. टक्का मोजला जातो तो चढवलेल्या भावावर, हे पहिल्या महिन्याचा हिशेब हाती आल्यावर कळतं.

त्या साडेअकरा रुपयांचं तर रडगाणंच आहे. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिटशिवाय. कारखानदार आपण भरलेला कर पुढच्या करातून वळता करून घेतो. हॉटेलवाल्याला ती सोय नाही. कमिशनवर भरलेला कर भाजीच्या भावातच जिरवावा लागतो.

दुसरी गंमत कराचीच. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या खानावळीला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे तिथे काउंटरवर कर लागत नाही. मात्र १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून विकलेल्या जेवणाचा ५ टक्के कर ॲपच्या कंपनीने भरायचा आहे, मग हॉटेल नोंदणीकृत असो वा नसो. त्यामुळे छोट्या खानावळीची भाकरी टेबलावर बिनकराची असते आणि दुचाकीवर चढली की कराची होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर अशा डिलिव्हरीच्या आकारावरही १८ टक्के लागू झाले.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने. मी तिथेच बसून एक शेवभाजी आणि दोन भाकऱ्या एका ॲपवर टाकून पाहिल्या, ऑर्डर केली नाही. पदार्थांचे ३४५, त्यातून ७५ चं कूपन वजा, पॅकिंगचे २०, त्यावर ५ टक्के कर, पोचवण्याचे ३० आणि प्लॅटफॉर्म फीचे १२, या दोन्हींवर १८ टक्के. एकूण ३५४. शेजारी हिरव्या अक्षरांत अभिनंदन, की तुम्ही ७५ रुपये वाचवले. हेच पार्सल काउंटरवरून उचललं असतं तर डब्याचे दहा धरून २५० झाले असते.

लोक चिडतात ते प्लॅटफॉर्म फीवर. चिडावं असं तिचं वागणंही आहे: स्विगी आणि झोमॅटो या दोघांनी २०२३ मध्ये ती २ रुपयांवर सुरू केली आणि २०२५ च्या सणासुदीपर्यंत दहाच्या पुढे नेली. पण ती निदान बिलात दिसते. पदार्थांच्या भावात आधीच चढवलेले १०५ रुपये कुठल्याच ओळीत दिसत नाहीत. कूपनचे ७५ म्हणजे त्या १०५ मधलेच आपले पैसे, आपल्याच हातावर ठेवलेले. कूपनचा भार हॉटेलवर टाकला की मालक मूळ भाव आणखी वर सरकवतो. तेव्हा “फ्लॅट ५० टक्के” दिसलं की मला पहिल्यांदा भाजीचा भाव पाहावासा वाटतो, सवलत नंतर.

यावर कायदा आहे का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार आहेत; सुरुवातीला कमी किंमत दाखवून पैसे भरताना आकार थेंबाथेंबाने वाढवत नेणं हा त्यातलाच एक. पण शेवभाजीचे २५५ पहिल्या स्क्रीनवरच दिसतात, लपवत कोणी नाही. भाजीवर एमआरपीही छापलेली नसते. एकाच पदार्थाचे दोन दारांत दोन भाव ठेवणं हा गुन्हा नाही. ते दुसरं दार आपल्याला विसाव्या मजल्यावरून दिसत नाही, एवढंच.

हॉटेलवाल्यांची तक्रार याच्या पुढची. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाने २०२१ मध्ये स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली आणि आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो-स्विगीच्या चौकशीचा आदेश दिला. त्यात एक मुद्दा भावाच्या समानतेच्या अटीचा होता: हॉटेलने स्वतःच्या मार्गाने किंवा दुसऱ्या ॲपवर यापेक्षा स्वस्त विकू नये. ही अट तंतोतंत पाळायची तर टेबलावरची शेवभाजीही २५५ ला जायला हवी, म्हणजे जो चालत येतो त्यानेही कमिशन भरायचं. मोठ्या हॉटेलांत काही ठिकाणी तसं झालेलं दिसतं. लॅमिनेट कार्डवाले मात्र दोन भाव ठेवून गप्प बसतात.

मालकांनी पिशवीत फोन नंबरची चिठ्ठी टाकायला सुरुवात केली आहे. फोन केला तर १८० मध्येच, दीड किलोमीटरपर्यंत त्यांचा पोरगा सायकलवर आणून देतो. नेहमीचं गिऱ्हाईक त्यामुळे थोडं वळलं, पण फेज थ्रीचे फोन आले की ते स्वतःच सांगतात, “सर, तुम्ही ॲपवरूनच घ्या.” पोरगा तिकडे अडकला तर तासभर गल्ल्यावर माणूस नाही. शिवाय नवं गिऱ्हाईक मुळात ॲपवरूनच सापडतं, हे ते नाकारत नाहीत. नव्या करारात कमिशन दोन टक्के वाढतंय. मी उठलो तेव्हा ते मुलाला विचारत होते, २६५ लावू की सरळ २७०?