‘ऐकू येणे’ आणि ‘ऐकणे’ : तान्ह्या मुलांच्या श्रवणाचे मापन

‘बाळाने ऐकले’ या वाक्यात बाळ कर्ता असते. ‘बाळाला ऐकू आले’ म्हणताच ते चतुर्थीत जाते आणि त्याच्याकडून कोणत्याही कृतीची अपेक्षा उरत नाही. मराठीने जपलेला हा भेद श्रवणमापनाच्या शास्त्रालाही मार्गदर्शक ठरावा असा आहे. प्रौढ माणूस आवाज येताच हात वर करतो किंवा उच्चारलेला शब्द पुन्हा म्हणून दाखवतो. म्हणजे तो ‘ऐकतो’, आणि त्यावरून त्याला ‘ऐकू येते’ असे ठरते. नवजात अर्भकाकडून असे उत्तर मिळत नाही. थाळी वाजवून घेतली जाणारी घरगुती परीक्षा तर फसवीच म्हणावी लागेल, कारण थाळीने दचकणाऱ्या मुलापर्यंत साध्या बोलण्यातील मंद व्यंजने पोचतात असे तिच्यातून सिद्ध होत नाही.

तेव्हा मुलाऐवजी त्याच्या श्रवणमार्गालाच विचारावे, हा पर्याय पुढे आला. ध्वनीमुळे मेंदूच्या विद्युत्-आलेखात होणारे बदल पॉलिन डेव्हिस यांनी १९३९ सालीच नोंदवले होते. परंतु मेंदूच्या बाह्यकातून येणारे ते प्रतिसाद झोपेप्रमाणे बदलतात, आणि तान्ही मुले बहुतेक वेळ झोपलेलीच असतात. डॉन ज्यूएट व जॉन विलिस्टन यांनी १९७०-७१ मध्ये मस्तिष्कस्तंभातून उमटणाऱ्या लहरींचे जे वर्णन केले, त्याने ही अडचण दूर झाली. या लहरी ध्वनीनंतर अवघ्या १० मिलिसेकंदांत उमटतात आणि झोपेतही टिकतात. त्यांपैकी पाचवी लहर अर्भकाच्या श्रवणाचा अंदाज घेण्यास उपयोगी पडते, हे हेकॉक्स व गॅलाम्बॉस यांनी १९७४ साली दाखवले. आपल्याकडील रुग्णालयांत हीच तपासणी ‘बेरा’ या नावाने परिचित आहे.

कपाळावर व कानांमागे विद्युदग्रे चिकटवून कानात ‘टिक्’ असा क्षणिक ध्वनी सोडतात. उमटणारा प्रतिसाद एका मायक्रोव्होल्टपेक्षाही लहान असतो आणि मेंदू व स्नायू यांच्या कितीतरी मोठ्या विद्युत् हालचालीत तो बुडून जातो. भर बाजारातील कोलाहलात कुणी ठरावीक क्षणी तेच एक अक्षर कुजबुजत राहावे, तसा हा प्रकार आहे. दोन हजार वेळा घेतलेल्या नोंदींची सरासरी काढली की अनियमित कोलाहल सुमारे ४५ पटींनी घटतो आणि नियमित कुजबुज शिल्लक राहते. आवाज उतरवत नेला असता पाचवी लहर जिथे दिसेनाशी होते, तिथे श्रवणाची सीमा अंदाजता येते.

या तपासणीला कोणतीही भाषा लागत नाही, ही गोष्ट भारतात विशेष मोलाची ठरते. रायपूर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि मराठी कुटुंबे तिथे आजही आहेत. तेथील गुढियारीत घरी मराठी आणि गल्लीत छत्तीसगढी व हिंदी अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाची शब्दांवर आधारलेली परीक्षा कोणत्या भाषेत घ्यावी, हा प्रश्नच असतो. ‘टिक्’ मात्र सर्वांना सारखी. भाषेचा प्रश्न येतो तो नंतर. कमी ऐकू येणाऱ्या ज्या मुलांचे निदान सहा महिन्यांच्या आत होऊन लगेच उपाययोजना सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा सरस राहिली, असे क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांना अमेरिकेत १९९८ साली आढळले. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, किंवा २०१७ मध्ये पुढे आलेले ‘सोहम’ हे नवजातांसाठीचे स्वस्त भारतीय उपकरण, यांचे महत्त्व या थोड्या महिन्यांच्या हिशेबातच कळते.

तरीही आलेख म्हणजे श्रवण नव्हे. ‘टिक्’ ध्वनी मुख्यतः उच्च स्वरांची वार्ता देतो. खालच्या पट्टीतील श्रवण शाबूत असूनही लहर दिसत नाही, असे घडू शकते. याहून विलक्षण अवस्था अर्नोल्ड स्टार व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वर्णिली. तीत अंतःकर्णातील केशपेशी काम करतात, पण चेतातंतूंचे संदेश एकाच वेळी निघत नाहीत. कुजबुज ठरावीक क्षणी झालीच नाही तर सरासरीत ती पुसली जाते; आलेख सपाट येतो, आणि मुलाला आवाज मात्र ऐकू येत असतो, फक्त त्यातील शब्द उलगडत नाहीत. जन्मानंतर तीव्र कावीळ झालेल्या मुलांत हा धोका अधिक असतो. केवळ अंतःकर्णाचा प्रतिध्वनी टिपणारी सोपी चाचणी अशा मुलांना निर्दोष ठरवून घरी पाठवते. म्हणून अतिदक्षता विभागातून बाहेर पडणाऱ्या बालकांसाठी विद्युत् प्रतिसादाचीच चाचणी घ्यावी, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो.