नोकरी सांभाळून वकिलीचे शिक्षण : आधी घड्याळ पाहा, मग कॉलेज

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे सांगणारी वडीलधारी मंडळी आजही घरोघरी आहेत. पण आता त्याच घरांतून वेगळाच प्रश्न ऐकू येतो. बँकेत दहा वर्षे काढलेला मुलगा, शाळेच्या कार्यालयात काम करणारी सून किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यात पाळ्या करणारा भाऊ विचारतो, 'नोकरी न सोडता एलएल.बी. करता येईल का?' कुणाला बढती हवी असते, कुणाला वडिलोपार्जित जमिनीचा दावा समजून घ्यायचा असतो, तर कुणाला निवृत्तीनंतर काळा कोट घालायचा असतो. इच्छा चांगलीच आहे. मात्र तीन वर्षे आणि फीचे पैसे गुंतवण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

'पार्ट टाइम' पदवीचा घोळ

पहिली गोष्ट म्हणजे, ज्या पदवीवर वकिलीची सनद मिळते, ती पदवी नियमित वर्गांत बसूनच घ्यावी लागते. पत्राने किंवा घरबसल्या केलेली एलएल.बी. त्यासाठी चालत नाही. भारतीय वकील परिषदेच्या (बार कौन्सिल ऑफ इंडिया) २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे प्रत्येक सत्र किमान १५ आठवड्यांचे असते आणि आठवड्याला किमान ३० तास वर्ग व्हावे लागतात. निवासी नसलेल्या कॉलेजात हे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घेता येतात. रात्री जेवण उरकून कॉलेजला जाण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही.

हजेरीची अट ७० टक्के आहे. हिशेब करून पाहा : ३० तासांचे ७० टक्के म्हणजे आठवड्याला २१ तास. सहा दिवसांत वाटले तर रोज साडेतीन तास आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. शिवाय तीन वर्षांत मिळून किमान १२ आठवडे वकिलांच्या किंवा संस्थेच्या हाताखाली प्रत्यक्ष काम शिकावे लागते. दावे-अर्ज लिहिणे आणि अभिरूप न्यायालय यांचेही स्वतंत्र पेपर असतात.

कुणाला जमेल, कुणाला नाही

सकाळी दहा ते साडेपाच अशी टेबलाची नोकरी असलेल्याने हा हिशेब कागदावर मांडावा. कॉलेज सकाळी आठला सुरू होऊन साडेनऊला सुटत नाही. दुपारची किंवा रात्रीची पाळी कायम मिळणारा कामगार, विमा प्रतिनिधी, स्वतःचे दुकान असलेला माणूस यांना मात्र वाट निघू शकते. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर आधी मालकाशी बोलावे, प्रवेश नंतर घ्यावा. सरकारी नोकराने खात्याची परवानगी लेखी घ्यावी.

निवृत्तीला टेकलेल्यांनी वयाची भीती बाळगू नये. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी घातलेल्या ३० वर्षांच्या वयोमर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली. पदवीला मात्र खुल्या वर्गासाठी ४५ टक्के गुण लागतात. मागासवर्गीयांना त्यात सवलत आहे.

'हजेरीची काळजी करू नका, परीक्षेपुरते या' असे कुणी सांगितले तर तिथूनच परत फिरावे. वकील परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये कॉलेजांना बोटांच्या ठशांसारख्या यंत्राने हजेरी घ्यायला आणि कॅमेरे बसवायला सांगितले. विद्यार्थ्याने नोकरी करत असल्यास तसे जाहीर करून मालकाचे ना हरकत पत्र द्यावे, असेही त्याच परिपत्रकात म्हटले आहे. एकाच वेळी कारखान्याच्या हजेरीपटावर आणि कॉलेजच्या हजेरीपटावर सही असेल, तर पुढे सनद मागताना तोच कागद आडवा येतो.

बेळगाव, कोल्हापूर की गोवा?

आपल्याकडे पर्याय कमी नाहीत. टिळकवाडीतले राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून चालू आहे. १९८९ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या आणि २०१७ ते २०२२ या काळात महान्यायवादी असलेले के. के. वेणुगोपाल हे दोघे तिथेच शिकले. हे कॉलेज हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचे शहाजी लॉ कॉलेज जवळ पडते. पण महाराष्ट्रात प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते. गोव्यात मिरामारला आणि मडगावला विधी महाविद्यालये आहेत.

नावापेक्षा अंतर महत्त्वाचे. खानापूरहून रोज येणाऱ्याने बस आणि रेल्वेची वेळ पाहूनच कॉलेज ठरवावे.

भाषेचाही विचार हवा. कर्नाटकच्या विधी विद्यापीठात उत्तरे इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहिता येतात. मराठी शाळेत शिकलेल्याला इंग्रजीची तयारी करावी लागेल. पण दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरांची खरी ताकद पुढे दिसते. इथल्या खालच्या कोर्टाचे काम कन्नडमध्ये चालते, धारवाड खंडपीठात इंग्रजी लागते आणि १९५६ पूर्वी आपला भाग मुंबई राज्यात असल्याने जुनी वाटणीपत्रे, खरेदीखते अनेकदा मराठीत, काही तर मोडीत सापडतात. आजोबांचा दस्त आणि आजचा कन्नड उतारा दोन्ही वाचू शकणारा वकील पक्षकाराला आपला वाटतो.

सनद की नोकरी?

पदवी मिळाली की खरा निर्णय येतो. पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही, असा परिषदेचा नियम आहे. म्हणजे सनद घ्यायची तर नोकरी सोडावी लागते. अखिल भारतीय वकील परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. सनद नोंदणीची फी आता डोईजड नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती खुल्या वर्गासाठी ७५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ नये, असे ठरवून दिले. पण नव्या वकिलाची पहिली काही वर्षे कमाईची नसतात. घराचे हप्ते, मुलांच्या फिया यांचा विचार पतिपत्नीने एकत्र बसून करावा.

बढतीसाठी किंवा माहितीसाठीच कायदा शिकायचा असेल, तर पदवीचा अट्टहास कशाला? इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा कायदा-साहाय्यकाचा पदविका अभ्यासक्रम, बेंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या पदविका नोकरी सांभाळून करता येतात. त्यांच्यावर सनद मिळत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

प्रवेशापूर्वी विचारा

कॉलेजला परिषदेची मान्यता चालू वर्षासाठी आहे का? वर्गांच्या वेळा लेखी मिळतील का? पाळी बदलली तर हजेरीचे काय? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते? आणखी एक : १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि दोन नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. शेजारच्या दादाची जुनी पुस्तके घेताना वर्ष पाहून घ्या.

शेवटचा प्रश्न घरच्यांना विचारायचा. तीन वर्षे सकाळचा डबा कोण करणार, मुलांचा अभ्यास कोण घेणार, सासऱ्यांना दवाखान्यात कोण नेणार? सून शिकणार असेल तर हा प्रश्न आधीच सुटायला हवा. नाहीतर अर्ध्या वाटेत तिचेच शिक्षण थांबते. 'कै केसरादरे बायि मोसरु' असे कन्नडमध्ये म्हणतात. हात चिखलाने माखले तरच तोंडी दही पडते. फक्त हात एकट्याचे नसावेत.